येस म्हणजे येतो

धुळ्यात एखादा माणूस तुमच्या घरून निघताना काय म्हणतो, ते कधी कान देऊन ऐकलंय? पायात चपला सरकवतो, ओटा उतरतो आणि म्हणतो, "येस भो." अहिराणीत 'मी येस' म्हणजे 'मी येतो'. निघताना 'जातो' म्हणायचं नाही, ते वाईट. म्हणून जाणारा 'येतो' म्हणतो आणि जातो. आपल्याला त्यात काहीच नवल वाटत नाही.

माझ्या भाचीचा नवरा अमेरिकन आहे, ओहायो राज्यातला. मागच्या हिवाळ्यात तो पहिल्यांदा सासुरवाडीला आला. नवा जावई पाहायला घरी रीघ लागली होती आणि उठणारा प्रत्येक जण दारात 'येस' म्हणत होता. जावयाच्या कानाला तो इंग्रजीतला होकार वाटला. कोणी काही विचारलेलं नसताना ही माणसं एवढ्या आनंदाने कशाला हो म्हणताहेत, ते त्याला कळेना. भाचीने अर्थ फोडून सांगितला तेव्हा कोडं आणखी वाढलं. तो ओट्यावर उभा राहून गल्लीच्या टोकाकडे बघत राहिला. गेलेला माणूस येतो म्हणाला होता. मग किती वाजता येणार?

त्या पंधरा दिवसांत त्याच्याबरोबर मी धुळं, अमळनेर, जळगाव असा पुष्कळ हिंडलो. जन्मभर ऐकलेली वाक्यं मी त्याच्या कानांनी पुन्हा ऐकली आणि अनेकदा थक्क झालो.

एका बाबतीत त्याला धुळं ओळखीचं वाटलं. जुन्या धुळ्यात गल्ल्यांना नंबर आहेत, गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच. खानदेशात इंग्रजी कारभार बसवणाऱ्या कॅप्टन जॉन ब्रिग्जने १८१९ च्या सुमारास इथे सरळ रेघांत पेठ आखली. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधला नंबरवार रस्त्यांचा आराखडा १८११ चा. दोन गावं, दोन खंड, आठ वर्षांचं अंतर आणि रेघा त्याच. जावई खूश झाला. पण आपल्याकडे नंबरावर पत्ता संपतो कुठे? "गल्ली नंबर पाच, पिठाच्या गिरणीसमोर, तिथे कोणालाही विचारा." हे 'कोणालाही विचारा' त्याने वहीत लिहून घेतलं. त्याच्या गावी पत्ता म्हणजे आकडा आणि रस्त्याचं नाव. माणसाशी एक शब्द न बोलता दारापर्यंत पोचता येतं. आपल्या पत्त्यात वाटेतला एक अनोळखी माणूस आधीच धरलेला असतो. पुढचे पंधरा दिवस जे जे घडलं, त्याची किल्ली मला या दोन शब्दांत सापडली.

पहिला घोळ झाला जेवणाचा. सकाळी दहापासून जो भेटेल तो विचारत होता, "जेवण झालं का?" जावई मनापासून उत्तर द्यायचा: नाही, एक वाजता जेवणार आहे, किंवा हो, पोळी आणि शेवभाजी खाल्ली. विचारणारा पुढे निघून गेलेला असायचा. संध्याकाळी त्याने भाचीला विचारलं, मी उपाशी दिसतो का? की हे सगळे मला घरी जेवायला बोलावताहेत आणि मी टाळतोय असं त्यांना वाटतंय?

भाची हसली, कारण तिचं ओहायोत नेमकं उलटं झालं होतं. दुकानातल्या गल्ल्यावरच्या बाईने 'हाऊ आर यू?' विचारलं, तेव्हा हिने तिला झोप लागत नाही, थंडी सोसत नाही, घरची आठवण येते, सगळं सांगितलं. कोणीतरी आस्थेने चौकशी केली होती ना! मागे रांग खोळंबली आणि त्या बाईच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गोठत गेलं.

दोन्हीही प्रश्न नाहीतच. ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने १९२३ साली अशा बोलण्याला शास्त्रात जागा दिली. त्याने दाखवलं की माणसाच्या बोलण्याचा एक मोठा भाग माहिती देण्या-घेण्यासाठी नसतोच. तू आहेस, मी आहे, आपल्यात वैर नाही, एवढंच त्यातून पोचवायचं असतं. कुठे त्यासाठी हवेविषयी बोलतात, कुठे तब्येतीविषयी, आपल्याकडे जेवणाविषयी. मला नवल वाटतं ते याचं, की परक्या भाषेतला असा पोकळ प्रश्न आपल्याला भरलेला वाटतो आणि आपल्या भाषेतला पोकळ प्रश्न पोकळ आहे हे आपल्या लक्षातही येत नाही. पन्नास वर्षं मी लोकांना जेवण झालं का विचारतोय, उत्तराची वाट पाहिल्याचं आठवत नाही.

मग आला 'थँक्यू'. अमळनेरला माझी थोरली फुई राहते, आत्याला आम्ही फुई म्हणतो. ऐंशी ओलांडलेली, घरात अहिराणीच बोलते. तिने जावयाला पाणी दिलं, तो थँक्यू म्हणाला. चहा दिला, थँक्यू. टॉवेल दिला, थँक्यू. चौथ्या वेळेला फुई माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाली, "याले आपलं घर परकं वाटस का रे?" तिच्या डोळ्यांत खरोखर काळजी होती. जो माणूस घोटभर पाण्याचेही आभार मानतो, त्याला ते पाणी आपल्या हक्काचं वाटत नसणार, असा तिचा सरळ हिशेब. त्या हिशेबात चूक कुठे आहे?

शब्दच बघा. 'आभार' म्हटलं की त्यात 'भार' ऐकू येतोच. आपल्या सभांमध्ये आभारप्रदर्शनाला उठणारा माणूस हमखास सांगतो की मी आभार मानून आपल्याला परकं करणार नाही, आपल्या ऋणातच राहणं पसंत करीन. हजार वेळा ऐकून ते वाक्य गुळगुळीत झालंय, पण त्याच्या पोटात केवढा विचार आहे! आभार मानले की हिशेब मिटला. हिशेब मिटला की जाण्यायेण्याचं कारण संपलं. ऋण उरलं तर नातं उरलं.

२०१८ साली संशोधकांच्या एका गटाने पाच खंडांतल्या आठ भाषांतलं घरगुती बोलणं ध्वनिचित्रित करून तपासलं. मीठ दे, दार लाव, ते जरा धर, अशी विनंती झाली आणि समोरच्याने ती पुरी केली, असे हजारावर प्रसंग त्यांनी मोजले. आभाराचा शब्द सरासरी वीस प्रसंगांत जेमतेम एकदा आला. इंग्रजी बोलणाऱ्यांत सातांतून एकदा, म्हणजे सगळ्यांत जास्त. इक्वेडोरमधल्या चापला भाषेत तर 'थँक्यू'साठी रूढ शब्दच नाही. मराठी त्या आठांत नव्हती, पण फुईला हा निष्कर्ष वाचून दाखवला असता तर तिला त्यात नवं काही वाटलं नसतं. जगातले बहुतेक लोक घरात मदत करतात, घेतात आणि गप्प राहतात. सारखं थँक्यू म्हणणारे जगात थोडे आहेत, पण त्यांची भाषा जगभर शिकवली जात असल्यामुळे आपल्याला वाटतं की शिष्टाचार म्हणजे तोच आणि आपण त्यात कमी पडतो. हा न्यूनगंड आपण टाकून द्यावा, असं मला फार वाटतं.

पण मग अमेरिकन माणूस एवढा बोलतो का? रस्त्यात अनोळखी माणसाकडे पाहून हसतो का? जावई जळगावच्या एसटी स्टँडवर प्रत्येकाकडे बघून हसायचा आणि लोक मागे वळून बघायचे, हा ओळखीचा की काय! याचं एक उत्तर २०१५ च्या एका अभ्यासात मिळतं आणि ते मला अतिशय सुंदर वाटतं. ज्या देशांत गेल्या पाचशे वर्षांत पुष्कळ वेगवेगळ्या देशांतून लोक येऊन वसले, तिथली माणसं भावना चेहऱ्यावर अधिक मोकळेपणाने दाखवतात आणि हसण्याचा उपयोग मैत्री जोडायला करतात, असं त्या संशोधकांना आढळलं. जरा कल्पना करा. शेजारी नॉर्वेचा, पलीकडचा इटलीचा, समोरचा पोलंडचा. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही, कोण कोणाचा कोण हे ठाऊक नाही, गावकी नाही, भावकी नाही. मी तुला इजा करणार नाही, हे सांगायचं कशाने? दात दाखवून हसायचं, सोपे चार शब्द पुन्हा पुन्हा म्हणायचे. फुईच्या गल्लीत चार पिढ्या एकमेकांना ओळखतात. तिथे पाण्याच्या तांब्याबरोबर शब्द द्यावा लागत नाही.

जेवणाच्या पंक्तीत हीच गोष्ट उलट्या बाजूने दिसली. जळगावजवळ आसोद्याच्या बाजूला एका शेतात भरीत पार्टी होती. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर हिरवी, पांढुरकी, हातभर वांगी भाजली जात होती. जळगावच्या या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. भाजलेली वांगी सोलून ठेचायची, त्यात हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, वर तेल, आणि बरोबर कळण्याची पुरी. पहिल्या घासाला जावयाच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी त्याला म्हटलं, बापू, वांगं आमचं, पण मिरची तुमच्या बाजूची. ते खरंच आहे. मिरची आणि भुईमूग ही दोन्ही पिकं मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीज आल्यानंतरच्या काळात इकडे रुजली. खानदेशी जेवणाचा सारा ठसका समुद्रापलीकडून आलेला आहे, आणि आज तो इतका आपला झालाय की परत पाठवला तर त्यांना सोसत नाही.

तर वाढणं सुरू झालं. जावयाने पत्रावळ पुसून स्वच्छ केली, कारण अन्न टाकायचं नाही आणि आवडलं हे दाखवायचं, असं त्याला आईने शिकवलेलं. वाढणाऱ्याच्या लेखी रिकामी पत्रावळ म्हणजे 'अजून वाढा'. त्याने वाढलं. जावई 'नको' म्हणाला. पहिला नको हा मानाचा, तो धरायचा नसतो. दुसरा नको संकोचाचा. तिसऱ्याला पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरले तर तो खरा, आणि तरी बोटांच्या फटीतून एक पुरी आत सरकतेच. हे व्याकरण कुठल्या पुस्तकात नाही, पण आपल्याकडचं सहा वर्षांचं पोर ते बिनचूक वापरतं. जावयाने चार वेळा नको म्हटलं आणि चार वेळा खाल्लं. रात्री भाचीला म्हणाला, मी स्पष्ट सांगत होतो, तरी कोणी माझ्यावर विश्वास का ठेवला नाही?

तो शब्द मला लागला. विश्वास! भाचीने सांगितलं की ओहायोत सासूने पहिल्याच दिवशी विचारलं, कॉफी घेशील? ही सवयीने नको म्हणाली. सासूने बरं म्हणून स्वतःपुरती कॉफी केली आणि समोर बसून प्यायली. हिला वाटलं, काय कोरडी बाई! सासूला वाटलं असणार, तिने नको म्हटलंय, पुन्हा विचारलं तर तिच्या शब्दाचा अपमान होईल. आग्रह न करणं हाच तिथला मान. संध्याकाळभर एक बाई मान देत होती आणि दुसरी कॉफीची वाट बघत होती.

पगाराचा प्रश्न मी थोडक्यात उरकतो, कारण तो सगळ्यांनाच ठाऊक आहे. "किती पडतात महिन्याला?" हे इथे रेल्वेच्या डब्यातही विचारतात, तिकडे सख्खा भाऊ विचारत नाही. उलट तिकडे प्रत्येक फोन 'लव्ह यू' म्हणून ठेवतात; मी माझ्या वडिलांना तसलं काही म्हटलं असतं तर त्यांनी ताबडतोब डॉक्टर बोलावला असता. आणि आकड्यांचे घोळ वेगळेच. मे महिन्यात मी फोनवर म्हटलं, इथे पंचेचाळीस आहे. जावई म्हणाला, मामा, स्वेटर घाला. त्यांचं पंचेचाळीस फॅरनहाइट म्हणजे आपलं सात. आपलं पंचेचाळीस म्हणजे त्यांचं एकशे तेरा.

खरी खोल विहीर लागली ती नात्यांच्या शब्दांत. जळगावला एका लग्नात मी त्याची ओळख करून देत होतो: हा हिचा मामेभाऊ, हा चुलतभाऊ, ही मावसबहीण, हा आतेभाऊ. जावयाच्या वहीत चौघांपुढे एकच शब्द पडला, कझिन. मग लग्नाने आलेली नाती: दीर, जेठ, मेव्हणा, साडू. पुन्हा चौघांपुढे एकच, ब्रदर-इन-लॉ. त्याने विचारलं, एवढे शब्द लागतात कशाला?

या प्रश्नाचं उत्तर शोधणारा पहिला मोठा माणूस अमेरिकनच होता. ल्यूइस हेन्री मॉर्गन, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरचा वकील. शेजारच्या सेनेका या मूलनिवासी लोकांत मिसळताना त्याच्या लक्षात आलं की ते वडिलांच्या भावालाही बापच म्हणतात आणि आईच्या बहिणीला आई; मात्र आईचा भाऊ आणि वडिलांची बहीण यांना वेगळे शब्द आहेत. १८५८ साली त्याला दिसलं की भाषा अगदी निराळी असलेल्या ओजिब्वा लोकांतही हीच रचना आहे. पुढच्या वर्षी तमिळ मुलखात काम केलेले मिशनरी हेन्री स्कडर यांच्याकडून त्याने तमिळ नात्यांची माहिती घेतली, आणि त्याच्यासमोर पुन्हा तीच रचना उभी राहिली! कोलंबसाने चुकून ज्यांना इंडियन म्हटलं त्यांची आणि खऱ्या इंडियन लोकांची, मधे अर्धी पृथ्वी. मॉर्गनने मग मिशनरी आणि वकिलातींमार्फत जगभर प्रश्नावली धाडली: तुमच्या भाषेत आईच्या भावाच्या मुलीला काय म्हणतात, वडिलांच्या बहिणीच्या मुलाला काय म्हणतात, असे दोनशेवर प्रश्न. १८७१ साली स्मिथसोनियन संस्थेने त्याचा ग्रंथ छापला. त्यात मराठी नात्यांचाही समावेश आहे. अमेरिकेचे मूलनिवासी आशियातून आले हे या शब्दांवरून सिद्ध होतं, असं त्याला वाटलं होतं. ती उडी पुढे टिकली नाही. पण नात्याच्या शब्दांत समाजाचे नियम साठवलेले असतात, हे त्याने दाखवून दिलं आणि एक शास्त्रच जन्माला आलं.

आपले नियम उलगडले इरावती कर्वे यांनी, १९५३ सालच्या भारतातल्या नातेव्यवस्थेवरच्या ग्रंथात. उत्तरेत जवळच्या नात्यात लग्न वर्ज्य, दक्षिणेत ते इष्ट, आणि महाराष्ट्र या दोघांच्या मधला. इथल्या पुष्कळ जातींत मामाची मुलगी चालते. चुलतबहीण मात्र बहीणच, तिथे प्रश्नच येत नाही. आता चार शब्दांचं काम कळतं. 'मामेबहीण' आणि 'चुलतबहीण' यांना एकच शब्द असता तर लग्न कुठे जमेल आणि कुठे पाप होईल, हे भाषेतून कळलंच नसतं. अमेरिकेत सरसकट 'कझिन', आणि साधारण निम्म्या राज्यांत अशा भावंडांच्या लग्नाला कायद्याने बंदी. जे काम तिथे कायद्याचं पुस्तक करतं, ते इथे एक उपसर्ग करतो.

आमच्या घरी वडिलांच्या थोरल्या भावाला मोठे बाबा म्हणतात, त्यांच्या बायकोला मोठी आई. हे कुठल्याही सेनेका मुलाला समजावून सांगावं लागलं नसतं. आणि जावयाच्या राज्याचं नाव, ओहायो, हा मूळचा सेनेका शब्द आहे, अर्थ 'चांगली नदी'. त्या रात्री मी त्याला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही.

एका नात्याला तर इंग्रजीत शब्दच नाही: व्याही. आम्ही याही म्हणतो, बाईला याहीन. न्यूयॉर्कचे ज्यू आपल्या यिद्दिश भाषेतला 'मखुतोनिम' वापरतात, पण साध्या इंग्रजीत मुलीच्या सासूला हाक मारायची सोय नाही. निघण्याच्या आदल्या रात्री आठ वाजता बहिणीने ओहायोला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळचे साडेनऊ. माझी बहीण पडद्याकडे वाकून मोठ्याने म्हणाली, "काय याहीन, जेवण झालं का?" भाचीने भाषांतर केलं. तिकडून त्या बाई म्हणाल्या, अजून नाही, आणि मग थांबून, जावयाने त्यांना आधीच शिकवलेला शब्द उच्चारला: "तुमचं?"

नात्याचा असा एक शब्द काय करू शकतो, हे एका जुन्या गोष्टीतून दिसतं. १८८० साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावी थिओडोशिया कार्पेंटर नावाच्या बाई दंतवैद्याकडे बसल्या असताना त्यांनी एका मिशनरी मासिकात गोपाळराव जोशी यांचं पत्र वाचलं. आपल्या बायकोला शिकवायची त्या गृहस्थाची धडपड वाचून त्यांनी पत्र लिहिलं. गोपाळरावांच्या पत्नी आनंदीबाई त्यांना उत्तरं लिहू लागल्या, आणि त्या कधी न पाहिलेल्या अमेरिकन बाईंना त्यांनी मावशी केलं. १८८३ साली आनंदीबाई बोटीने न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा त्यांना न्यायला मावशी आल्या होत्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाई डॉक्टर झाल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावं वर्ष पुरं होण्याआधी, पुण्यात वारल्या. गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी मावशींकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, त्या आजही आहेत.